मिस्त्रींचं कार्ड

लिफ्टमध्ये पाऊल टाकलं की मिस्त्री गप्प व्हायचे. बरोबरचा माणूस काही बोलत असला तर हात वर करून त्याला थांबवायचे आणि छताकडे कान द्यायचे. दोर कण्हतोय का, कुठे काही घासतंय का, ब्रेक सुटताना एकदाच खट्ट होतं की दोनदा, हे त्यांना केबिन दुसऱ्या मजल्यावर पोचायच्या आत कळायचं. मग ते खिशातून पाना काढायचे किंवा नुसतं "ठीक आहे" म्हणायचे. त्यांचं "ठीक आहे" मिळालं की त्या इमारतीतली माणसं निर्धास्त होत. इतक्या वर्षांत त्यांच्या हाताखालची एकही लिफ्ट माणसासकट अडकून पडली नव्हती. ते हे कधी बोलून दाखवत नसत, पण मनात ते होतं, आणि जरा जास्तच होतं.

घरी मात्र गप्प बसायची सोय नव्हती. सगळा शेजार त्यांच्या बायकोला वहिनी म्हणायचा, म्हणून आपणही वहिनीच म्हणू. वहिनी पडद्यांच्या कापडाच्या दुकानात काम करत. एका खिडकीचं माप घेऊन आलेलं गिऱ्हाईक तीन खोल्यांचे पडदे आणि वर गाद्यांच्या खोळी घेऊन बाहेर पडायचं, आणि आपण फसलो असं त्याला मुळीच वाटायचं नाही. "रंग तुम्ही नंतर सांगा हो," त्या म्हणायच्या. "आधी मला सांगा, सकाळचं ऊन खोलीत कुठवर येतं? आणि दुपारी झोपतं कोण?" एवढ्यावर बोलणं सुरू व्हायचं आणि मग काय. मालक म्हणत, दुकानात कापड माझं, पण विकला जातो तो वहिनींचा आवाज.

तो आवाज तसा गोड वगैरे नव्हता. जरा जाड, मधूनच फाटणारा, आणि हसायला लागल्या की जिन्यावर भांडं घरंगळत गेल्यासारखा. मिस्त्री जिना चढत असले की पहिल्या मजल्यावरच त्यांना कळायचं, आज घरी कुणाची हजेरी घेणं चाललंय. बहुतेक वेळा ती वहिनींच्या धाकट्या भावाची असायची.

या भावाला घरात छोटू म्हणत. चाळिशी उलटली, पोट सुटलं, तरी छोटूच. तो एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत संगणकांची देखभाल करायचा. मिस्त्रींचं आणि त्याचं नातं मेहुण्या-मेहुण्यांचं असावं तसंच होतं. एकमेकांवाचून करमत नसे आणि एकमेकांचं खरं म्हणून कबूल करवत नसे. मिस्त्री त्याला मेहुणेबुवा म्हणून चिडवत आणि तो त्यांना दाजी म्हणून मान देत देत टोमणे मारी.

मग वहिनींचा घसा बसला. सर्दी असेल म्हणून गरम पाणी झालं, गोळ्या झाल्या. दुकानात मालक म्हणाले, चार दिवस बोलू नका, तर वहिनी म्हणाल्या, त्यापेक्षा चार दिवस जेवू नका म्हणा. घसा काही सुटेना. तपासण्या झाल्या आणि शेवटी डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून स्वच्छ सांगितलं. गाठ स्वरयंत्रावर आहे, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल.

वहिनींनी विचारलं, "म्हणजे ओरडता पण येणार नाही?"

"नाही."

"मग यांचं फावलं की हो," त्या मिस्त्रींकडे बोट दाखवून म्हणाल्या. डॉक्टर हसले नाहीत. मिस्त्रीही हसले नाहीत. वहिनीच एकट्या थोड्या हसल्या, आणि मग त्यांनी पर्सची चेन उघडून पुन्हा लावली.

त्याच रुग्णालयात वाचा-उपचार करणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी एक वाट दाखवली. टाइप केलेलं मोठ्याने बोलून दाखवणारं एक यंत्र मिळतं. त्यात तयार आवाज असतात. पण ऑपरेशनच्या आधी वहिनींनी स्वतःच्या आवाजात भरपूर वाक्यं वाचून ठेवली, तर त्या साठ्यातून खास त्यांचा आवाज तयार करून यंत्रात घालता येतो. हुबेहूब नाही, पण ओळखू येईल असा. मात्र साठा मोठा हवा आणि स्वच्छ हवा. पाठीमागे पंखा नको, भांडी नकोत. आवाज थोडा बसलेला आहे ते चालेल, आहे तो तुमचाच आहे.

घरी आल्या आल्या वहिनी कामाला लागल्या. दुकानातून जाड कापडाचे उरलेले तुकडे आणून त्यांनी आतल्या खोलीत कपाटावर, दारावर, खिडकीवर टांगले, म्हणजे आवाज घुमणार नाही. सकाळी घसा त्यातल्या त्यात मोकळा असे. तेवढ्या वेळात पलंगाच्या कडेला बसून त्या संगणकासमोर वाचत. बाईंनी दिलेली वाक्यं अगदी अळणी होती. बस उशिरा आली. कृपया खिडकी उघडा. माझ्या भावाला निळा रंग आवडतो. वहिनी ती इमानाने वाचत आणि मग आपली घालत. "कृपया कोण म्हणतं हो आपल्यात? खिडकी उघडा म्हटलं ना, बहिरे झालात का!" हे त्या दोन-तीन सुरांत म्हणून ठेवत. बाहेरच्या खोलीत मिस्त्री पंखा बंद करून, घामाघूम होऊन, हालचाल न करता बसलेले असत. दाराआडून ते ऐकत आणि आवाज होऊ नये म्हणून तोंडावर हात धरून हसत.

आता हा साठा ठेवायचा कुठे, हा प्रश्न आला. पूर्वी एकदा संगणकाची डिस्क बसून त्यांच्या सगळ्या सहलींचे फोटो गेले होते. तेव्हापासून मिस्त्रींचा एका डिस्कवर विश्वास नव्हता. ज्या कचेरीची लिफ्ट ते सांभाळत, तिथल्या संगणकांच्या खोलीत त्यांनी एक व्यवस्था पाहिली होती. चार डिस्क ओळीने, त्यांच्यात माहिती वाटून ठेवलेली, कुठलीही एक गेली तरी उरलेल्या तिघींवरून सगळं परत उभं राहतं. मिस्त्रींना ते ताबडतोब पटलं. लिफ्टचंही तसंच असतं. केबिन एका दोरावर टांगत नाहीत. एक तुटला तरी बाकीचे धरून ठेवतात.

"चार डिस्क घ्या, उत्तम," छोटू म्हणाला. तो रविवारचा आला होता आणि तिघं बाहेरच्या खोलीत बसले होते. "पण दाजी, त्यांचा कारभार कोण बघणार ते ठरवा. एक तर वेगळं कार्ड घ्यायचं, ते बघेल. त्याला हार्डवेअर रेड म्हणतात. नाही तर संगणकालाच सांगायचं, तूच बघ. त्याचा प्रोग्रॅम फुकट मिळतो. ते सॉफ्टवेअर रेड."

"रेड?" वहिनी म्हणाल्या. "पोलीस टाकतात ती?"

"ताई, तू बोलू नकोस गं, घसा जप."

"जपून कुणासाठी ठेवू? जायचाच आहे तो."

मग मिस्त्रींनी घसा खाकरला. "कार्डच घ्यायचं," ते म्हणाले. "लिफ्टचा ब्रेक कुणी कंट्रोलरच्या मर्जीवर सोडतं का रे? ब्रेक वेगळा असतो. वीज जाऊ दे, कंट्रोलर खुळावू दे, त्याची स्प्रिंग आपली दाबून धरते. तुझा संगणक सतरा कामं करतो. सिनेमा दाखवतो, मधेच गोठतो, मग तूच म्हणतोस बंद करून चालू करा. त्याच्या भरवशावर हिचा आवाज ठेवू?"

"आणि कार्ड गेलं तर?"

"कशाला जाईल? त्याच्यात हलणारा एकही भाग नाही. वर स्वतःची बॅटरी आहे."

"असू दे बॅटरी. दाजी, ऐका. माहितीचे तुकडे चारी डिस्कवर पसरलेले असणार. कुठला तुकडा कुठे, याची मांडणी कार्ड स्वतःच्या पद्धतीने करतं. ते मेलं की तस्संच कार्ड शोधत फिरा. संगणकाच्या प्रोग्रॅमने केलंत, तर डिस्क उपटायच्या, दुसऱ्या कुठल्याही संगणकाला लावायच्या, तो प्रोग्रॅम टाकायचा, संपलं."

"फुकटातला."

"फुकटातलं म्हणजे वाईट?"

"मेहुणेबुवा, फुकटात फक्त बायकोचा भाऊ मिळतो."

वहिनी एवढ्या हसल्या की त्यांना खोकल्याची उबळ आली. पाणी पिऊन झाल्यावर त्या म्हणाल्या, "मी एक विचारू? तुमचं कार्ड असो नाही तर प्रोग्रॅम असो. एक प्रत करून पेन ड्राइव्हवर छोटूच्या घरी का नाही ठेवत?"

"घरात तिजोरी असताना ऐवज शेजाऱ्याच्या डब्यात ठेवायचा?" मिस्त्री म्हणाले.

"शेजारी नाही, भाऊ आहे माझा."

"करू गं ताई, ते नंतर करू," छोटू घाईने म्हणाला, कारण त्याला बॅटरीच्या मुद्द्यावर परत यायचं होतं. आणि ते दोघं परत आले. बराच वेळ बॅटरीवर वाद झाला. वहिनी थोडा वेळ एकाकडून दुसऱ्याकडे बघत राहिल्या, मग उठून आत गेल्या आणि कपाटावरून घसरलेलं कापड नीट टांगायला लागल्या.

अर्थात मिस्त्रींनी कार्ड आणलं. कचेऱ्यांतून निघालेलं सामान विकणारा एक दुकानदार होता, त्याच्याकडून. वजनदार, हिरवं, त्यावर उष्णता सोडणारा, पंखा नसलेला काळा ठोकळा. मिस्त्रींनी ते हातावर तोलून पाहिलं आणि "ठीक आहे" म्हणाले. चारी डिस्क जोडल्या, वहिनींचं सगळं वाचन त्यावर गेलं, मूळ ध्वनिफिती जागा अडवतात म्हणून संगणकावरून काढूनही टाकल्या. एक डिस्क मुद्दाम उपटून त्यांनी परीक्षाही घेतली. कार्डाने शिट्टी मारली, पण वाक्यं तशीच वाजत राहिली. मिस्त्रींनी छोटूला फोन करून ती शिट्टी ऐकवली.

ऑपरेशन नीट झालं. वहिनी घरी आल्या त्या गळ्यात श्वासासाठी ठेवलेल्या भोकावर पट्टी बांधून. घर एकदम मोठं वाटायला लागलं. फोनवर टाइप करून त्या दाखवत, आणि तेही हातवाऱ्यांनी भागलं नाही तरच. वाचा-उपचारवाल्या बाईंनी सांगितलं होतं, जखम भरली की सोमवारी साठा घेऊन या, आपण आवाज करायला पाठवू. त्या सोमवारची वहिनी वाट बघत होत्या हे मिस्त्रींना कळत होतं. दुकानाच्या मालकांनाही त्यांनी तसं लिहून कळवलं होतं, की आवाज आला की मी आले.

त्याआधीच्या शुक्रवारी मिस्त्रींनी संगणक सुरू केला, तर साठा दिसेना. कार्डावरचा दिवा लागेना. त्यांनी कार्ड काढलं, पुसलं, पुन्हा बसवलं. कान लावला. चारी डिस्क मजेत फिरत होत्या, त्यांचा बारीक सूर अगदी एकसारखा होता. मेलं होतं ते कार्डच.

त्यांनी छोटूला फोन केला, पण घाबरून नव्हे, सहज विचारल्यासारखा. "दाजी, कशाला हात लावू नका," तो म्हणाला. "डिस्क चांगल्या आहेत ना? मग काही गेलेलं नाही. मी रविवारी येतो. आपण बघू."

यात टोमणा नव्हता. असता तर मिस्त्रींना सोपं गेलं असतं. फोन ठेवल्यावर त्यांच्या डोळ्यांसमोर रविवार आला. छोटू येणार, डिस्क घेऊन बसणार, वहिनी शेजारी उभ्या राहणार, आणि आपण पंखा बंद करून बाहेरच्या खोलीत. मिस्त्री उठले आणि त्या दुकानदाराकडे गेले. तसंच कार्ड त्याच्याकडे नव्हतं. त्याच कंपनीचं, जरा नंतरचं होतं. दुकानदार म्हणाला, चालायला पाहिजे.

शनिवारी वहिनी पट्टी बदलायला शेजारणीबरोबर दवाखान्यात गेल्या होत्या. मिस्त्रींनी नवं कार्ड बसवलं. दिवा लागला. पडद्यावर इंग्रजीत मजकूर आला. मिस्त्रींनी तो दोनदा वाचला. अर्थ असा होता, की जुनी मांडणी सापडली आहे, ती वापरायची की पुसायची?

इथे मिस्त्रींच्या जागी दुसरा कुणी असता तर बिचकला असता. मिस्त्री बिचकले नाहीत, कारण हा प्रश्न त्यांच्या ओळखीचा होता. लिफ्ट चालवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड बदलला की हेच असतं. दुसरीकडून काढून आणलेल्या बोर्डाच्या डोक्यात जुनी इमारत असते. तिथे सात मजले असतील, इथे पाचच आहेत. ती आठवण पुसली नाही, तर लिफ्ट नसलेल्या सहाव्या मजल्यावर जायला निघते आणि छताला धडकते. म्हणून पहिलं काम, जुनं पुसायचं. मग केबिन तळापासून वरपर्यंत एकदा सावकाश फिरवायची, म्हणजे बोर्ड नवी इमारत शिकतो. पोटापाण्याच्या कामात त्यांनी हे इतक्या वेळा केलं होतं की हात आपोआप जाई. आणि त्यात इमारतीला काय होतं? मजले आपल्या जागीच असतात. पुसली जाते ती बोर्डाची आठवण.

हे कार्डही कुठून तरी काढून आणलेलं. जुनी मांडणी म्हणजे त्याच्या आधीच्या मालकाची, असंच त्यांनी धरलं. ती मांडणी कार्डाला आपल्याच चार डिस्कवर सापडली असेल, वहिनींच्या आवाजाचा तोच पत्ता असेल, हे त्यांच्या मनातही आलं नाही. त्यांनी पुसायला सांगितलं. मग चार डिस्कची नवी मांडणी करायला सांगितली. कार्डाने आणखी एक विचारलं, की डिस्क वापरायला तयार करायच्या त्या पटकन की पूर्ण? मिस्त्रींनी आयुष्यात कुठलंही काम पटकन केलं नव्हतं. त्यांनी पूर्ण निवडलं. केबिन तळापासून वरपर्यंत सावकाश फिरते तशी पडद्यावरची पट्टी डावीकडून उजवीकडे भरत राहिली, आणि मिस्त्री स्टुलावर बसून समाधानाने ती बघत राहिले.

पट्टी भरली. त्यांनी साठा उघडला. तो रिकामा होता.

ते बराच वेळ तो उघडत आणि बंद करत राहिले. मग डिस्कना कान लावला. सूर तसाच होता, एकसारखा. आयुष्यात पहिल्यांदाच कानाला सगळं ठीक लागत होतं आणि काहीच ठीक नव्हतं.

वहिनी आल्या तेव्हा ते तिथेच होते. त्यांनी सांगितलं. काहीही न लपवता, क्रमाने, जसं अपघाताबद्दल साहेबाला सांगतात तसं. सांगताना त्यांना वाटत होतं, आता ही ओरडेल. वर्षानुवर्षं एवढ्यातेवढ्यावरून ती ओरडली होती. ओला टॉवेल पलंगावर टाकला म्हणून, शेजाऱ्याचा पंखा फुकट दुरुस्त केला म्हणून. आता तर हक्क होता. वहिनींचं तोंड उघडलंही. मान ताठ झाली, हात वर आला. पट्टीखालून नुसता वारा आल्याचा आवाज झाला. मग त्यांनीच तोंड मिटलं.

फोन काढून त्यांनी लिहिलं, "सगळं?"

मिस्त्रींनी मान हलवली.

वहिनींनी पुढे लिहिलं, "छोटूला बोलवा."

छोटू रविवारची वाट न बघता आला. त्याने डिस्क प्रयोगशाळेत नेल्या, कुणाकुणाला विचारलं, आणि दोन दिवसांनी परत आला तेव्हा जिन्यातच थांबला. मिस्त्री खाली त्याला घ्यायला गेले होते.

"दाजी, पूर्ण केलं होतं का?" त्याने विचारलं. "पटकनवालं केलं असतं तर बरंचसं निघालं असतं. त्यात नुसता पत्ता पुसतात. पूर्णमध्ये प्रत्येक जागेवर शून्य लिहितात."

"पूर्ण," मिस्त्री म्हणाले.

छोटूने कठड्यावर हात ठेवला. "तुम्ही पूर्णच करणार," तो म्हणाला. त्याला यात टोमणा मारायचा नव्हता, पण मिस्त्रींना ते लागलं, आणि लागायला हवं असंही वाटलं.

"तू म्हणाला होतास," मिस्त्री म्हणाले. "हात लावू नका म्हणाला होतास. त्याच्या आधी प्रोग्रॅमचंही म्हणाला होतास."

"ताई पण म्हणाली होती," छोटू म्हणाला. "एक प्रत माझ्याकडे ठेवा म्हणाली होती. ते आपण दोघांनीही ऐकलं नाही. कार्ड की प्रोग्रॅम, याच्यापेक्षा ते मोठं होतं, दाजी. प्रोग्रॅम असता आणि तुम्ही, मी, कुणी चुकून पुसलं असतं, तरी गेलंच असतं. चार डिस्क म्हणजे काही चार प्रती नव्हेत. मला हे माहीत होतं. माझं रोजचं काम आहे ते. आणि मी तुमच्याशी बॅटरीवर भांडत बसलो."

दोघं जिन्यात उभे राहिले. वरून कुणी हाक मारली नाही. एरव्ही एवढ्या वेळात तिसऱ्या मजल्यावरून हाक आली असती, की दोघं खाली काय कुजबुजताय, वर या आणि काय ते मोठ्याने बोला.

मग शोधाशोध झाली. नातेवाइकांच्या फोनवरच्या चित्रफिती, कुणाच्या घरचा समारंभ, दुकानाची कधीकाळची जाहिरात. वहिनी त्यात होत्या, पण कधी गाणं चालू असताना, कधी दहा बायकांच्या गलक्यात. जाहिरातीत त्या नुसत्या पडदा ओढून दाखवत होत्या, बोलत होते मालक. वाचा-उपचारवाल्या बाईंनी सगळं मन लावून ऐकलं आणि सांगितलं, यातून होणार नाही. आपल्या यंत्राला फार स्वच्छ आणि पुष्कळ लागतं. पुढेमागे काही निघेलही, पण आज नाही.

राहता राहिले तयार आवाज. बाईंच्या खोलीत टेबलाभोवती तिघं बसले. बाईंनी एकेक आवाज लावला. प्रत्येक आवाज तेच वाक्य बोलायचा, "आज हवा छान आहे." एक बातम्या देणारीचा होता. एक नुकत्याच कॉलेजातून बाहेर पडलेल्या मुलीचा. एक इतका गोड, की मिस्त्रींना दात आंबल्यासारखं झालं.

वहिनींनी फोन त्यांच्यासमोर धरला. "तुम्ही सांगा. ऐकायचं तुम्हालाच आहे."

मिस्त्रींनी पुन्हा सगळे आवाज लावायला सांगितले. डोळे मिटून, मान तिरकी करून, लिफ्टमध्ये ऐकत तसे ते ऐकत राहिले. दोर कसा, चाक कसं, कुठे घासतंय, सगळं कळत होतं. प्रत्येकात काय कमी आहे ते त्यांना अचूक कळत होतं. कुठला घ्यावा हे मात्र कळत नव्हतं. शेवटी ते म्हणाले, "छोटू, तू बघ. या वेळी तू म्हणशील ते."

छोटू काही बोलायच्या आत वहिनींनी टेबलावर हात आपटला. पाण्याचा पेला हलला. त्यांनी भराभर टाइप केलं आणि फोन दोघांच्या मधे ठेवला.

"परत दोघांचंच चाललंय. आवाज कुणाचा आहे?"

बाई खाली बघून हसल्या. मिस्त्रींचा चेहरा उतरला. वहिनींनी यंत्र स्वतःकडे ओढलं, आवाज स्वतः लावून पाहिले, आणि त्यातल्या त्यात जाड, वयस्क, कुणाचीही नक्कल न करणारा आवाज निवडला. तो त्यांच्या आवाजासारखा मुळीच नव्हता. त्यांनी लिहिलं, "सारखा असता तर रोज चूक काढली असती तुम्ही."

पुढच्या आठवड्यात यंत्र घरी आलं. वहिनी दुकानात जायला लागल्या. तिथे नव्या गिऱ्हाइकांनी त्या आवाजाशी जमवून घेतलं, कारण त्यांना आधीचा माहीत नव्हता. जुनी गिऱ्हाइकं जरा गोंधळत, मग रंग विचारायला लागत. मालकांनी सुरुवातीला त्यांना मापं घ्यायला बसवलं होतं, पण लवकरच परत पुढे आणलं. टाइप करायला वेळ लागायचा, म्हणून बोलणं आखूड झालं होतं, एवढंच.

एका संध्याकाळी मिस्त्री बाहेरच्या खोलीत, कोपऱ्यातल्या ओट्याकडे पाठ आणि खिडकीकडे तोंड करून ब्रेकच्या पट्ट्या घासत बसले होते. वहिनी आत कपडे घडी घालत होत्या. कुठून तरी एका बाईचा आवाज आला, "अहो, दूध बघा." शेजारच्या घरी कुणी आलं असावं असं त्यांना वाटलं. ते पट्टी घासत राहिले. तोच आवाज पुन्हा आला, तितकाच शांत, जरासुद्धा न चढता, "अहो, दूध बघा." वास आला तेव्हा त्यांनी वळून पाहिलं. दूध उतू जाऊन ओट्यावरून खाली गळत होतं, आणि वहिनी आतल्या दारात यंत्र हातात धरून उभ्या होत्या.

मिस्त्रींनी धावत जाऊन गॅस बंद केला. फडकं घेतलं आणि खाली बसून पुसायला लागले. "मला वाटलं, शेजारी कुणी आलंय," ते म्हणाले.

वहिनी काही टाइप करतील म्हणून ते थोडं थांबले. त्यांनी केलं नाही. यंत्र फळीवर ठेवून त्या दुसरं फडकं घेऊन आल्या, आणि दोघं मिळून ओटा पुसत राहिले.